डॉ. कोटणीस : इतिहास आणि ‘अमर कहाणी’

ऐतिहासिक म्हणविणाऱ्या चित्रपटांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. संतांच्या, वीरांच्या आणि राजपुरुषांच्या चरित्रांवर आपल्या चित्रपटकारांनी आरंभापासूनच हात चालविला आहे. परंतु या चरित्रनायकांना होऊन शतके लोटलेली असतात. त्यांच्या कथेत थोडेबहुत इकडचे तिकडे झाले, तरी कोणी साक्षीदार उठून हरकत घेईल असे भय चित्रपटकारास बाळगावे लागत नाही. ज्याची भावंडे हयात आहेत, ज्याची पत्नी परदेशात लहान मुलास वाढवीत आहे, आणि ज्या युद्धात तो खपला त्या युद्धाचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही, अशा माणसाच्या आयुष्यावर चित्रपट रचणे ही गोष्ट अगदी निराळी. 1946 साली श्री. व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला, तेव्हा त्यांनी हे धाडस पत्करले होते. डॉ. कोटणीस यांस जाऊन तेव्हा उणीपुरी चार वर्षे होत होती.

हा चित्रपट आज दुर्मिळ राहिलेला नाही. मानखुर्दासारख्या, मुंबईच्या पूर्व टोकास खाडीकाठी वसलेल्या उपनगरात बसूनही तो घरच्या लहानशा पडद्यावर पाहता येतो. पाहणारा बहुधा एक प्रेमकथा म्हणून तो पाहतो : परदेशी गेलेला तरुण डॉक्टर, तेथील युवती, भोवती पेटलेले युद्ध, विवाह, अपत्य आणि अकाली मृत्यू. ही कथा खोटी नाही. परंतु ज्या राजकीय उलथापालथीत ती घडली, आणि ज्या निराळ्याच उलथापालथीत ती पडद्यावर आली, ती दोन्ही लक्षात घेतल्यावाचून तिचे मोल कळत नाही. चित्रपटाने डॉ. कोटणिसांच्या चरित्रातील काय जपले, काय गाळले, आणि जे गाळले ते गाळणे त्यास का भाग पडले, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारास घेतला आहे.

प्रथम चरित्र पाहू. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. सोलापूर हे त्या काळी गिरण्यांचे आणि चळवळीचे गाव. 1930 साली या शहराने लष्करी कायद्याचा अंमल सोसला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या त्याच्या चौघा पुत्रांस येरवड्यास फाशी देण्यात आली. अशा गावचा हा तरुण मुंबईस आला, परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून 1936 साली पदवीधर झाला, आणि पुढील अभ्यासाच्या तयारीस लागला. येथपर्यंतचे त्याचे आयुष्य शेकडो पांढरपेशा महाराष्ट्रीय तरुणांच्या आयुष्याहून वेगळे नव्हते. हुशार मुलाने डॉक्टर व्हावे, उच्च पदवी घ्यावी, दवाखाना थाटावा आणि घराचा भार उचलावा, ही घरोघरची आकांक्षा होती. आजही ती तशीच आहे.

7 जुलै 1937 रोजी पेकिंगजवळील पुलावर उडालेल्या चकमकीने चीन-जपान युद्धास तोंड लागले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नानकिंग पडले. चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून हिंदुस्थानची मदत मागितली. 1938 साली हरिपुरा काँग्रेसच्या अध्यक्षपदी असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी या कामी पुढाकार घेतला. देशातून बावीस हजार रुपयांचा निधी जमला, आणि पाच डॉक्टरांचे एक पथक सिद्ध झाले. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आलेले, डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे कलकत्त्याचे, डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर नागपूरचे, आणि डॉ. कोटणीस सोलापूरचे. पाचांत दोन मराठी होते, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. कोटणिसांच्या कीर्तीच्या सावलीत चोळकरांचे नाव पुसट झाले आहे. 1 सप्टेंबर 1938 रोजी हे पाचही जण ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले आणि 17 सप्टेंबरास कँटन येथे उतरले. पुढे महिना-सवा महिन्यातच कँटन आणि हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. यावरून ही मंडळी कसल्या वणव्यात पाऊल टाकीत होती, याची कल्पना यावी.

चुंगकिंग येथे तान युन-शान या पंडिताने पाचही डॉक्टरांस चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या अखेरीस ‘हुआ’ म्हणजे चीन हे अक्षर जोडलेले होते. त्या हिशेबाने कोटणीस ‘के तिहुआ’ झाले. चुंगकिंगलाच त्यांना वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. घरचा कर्ता पुरुष गेला असता मुलाने काय करावे, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. त्याने परत यावे. कोटणीस परतले नाहीत. 1939 च्या फेब्रुवारीत ते सहकाऱ्यांसह येनान येथे पोहोचले. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी स्वदेशी परतले, अटल पुढल्या वर्षी. राहिले ते बसू आणि कोटणीस. ठरलेली मुदत केव्हाच संपली होती. तेव्हा यापुढचे राहणे हे काँग्रेसच्या आज्ञेचे नव्हते. ज्याचे त्याने घेतलेले व्रत होते.

कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून हे याच सेनेची सेवा करीत असता, शस्त्रक्रियेच्या वेळी बोटास झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन 12 नोव्हेंबर 1939 रोजी मरण पावले होते. त्यांच्या नावे चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद 1941 च्या जानेवारीत कोटणिसांकडे आले. बेथ्यून यांच्या समाधीच्या प्रसंगी 1940 साली त्यांची ग्वो चिंगलान या परिचारिकेशी ओळख झाली होती. ती नुसती शुश्रूषा करणारी नव्हती. सेनेच्या वैद्यकीय विद्यालयात ती परिचर्येचे शिक्षण देत असे. 1941 च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. 1942 च्या ऑगस्टात त्यांस पुत्र झाला. सेनानी न्ये रोंगचेन यांनी सुचविलेल्या त्याच्या नावात, यिनहुआ या दोन अक्षरांत, हिंदुस्थान आणि चीन ही दोन्ही सामावलेली होती. अपस्माराचे झटके कोटणिसांस काही काळापासून येत होते. त्यांतच 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. संसार जेमतेम एक वर्षाचा ठरला. मूल अजून चार महिन्यांचेही झाले नव्हते.

येथवरचा वृत्तांत कोणासही सांगता येण्यासारखा आहे. परंतु त्याच्या भोवती जे राजकारण चालले होते, ते इतके सरळ नव्हते. ज्या चीनच्या मदतीस हे पथक गेले, तो चीन एक नव्हता. जपानविरुद्ध चँग कै-शेक यांचा कुओमिंतांग पक्ष आणि माओ त्से-तुंग यांचा साम्यवादी पक्ष यांनी हातमिळवणी केली होती खरी. परंतु हातात हात असले तरी दोघांचीही नजर एकमेकांच्या कमरेच्या खंजिरावर होती. 1941 च्या जानेवारीत, म्हणजे कोटणीस रुग्णालयाचे संचालक झाले त्याच महिन्यात, कुओमिंतांगच्या फौजांनी साम्यवाद्यांच्या नव्या चौथ्या सेनेवर हल्ला करून तिची वाताहत केली, आणि ही मैत्री नावापुरतीच उरली. तिकडे चुंगकिंग सरकार इंग्रजांचे मित्र होते. 1942 च्या फेब्रुवारीत चँग कै-शेक स्वतः हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्यास महात्मा गांधींस भेटले. हिंदी लोकांनी युद्धात इंग्रजांस साथ द्यावी, हा त्यांच्या भेटीचा हेतू होता. म्हणजे इंग्रजांशी भांडणाऱ्या काँग्रेसने पाठविलेला एक डॉक्टर, इंग्रजांच्या मित्राशी वैर असलेल्या सेनेत, इंग्रजांच्याच शत्रूशी लढणाऱ्या सैनिकांची सेवा करीत होता. 1942 च्या जुलैत त्याने चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्वही पत्करले.

आणि इकडे मायदेशात काय चालले होते? 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत महात्माजींसह सारे पुढारी पकडले गेले आणि ‘चले जाव’ चा वणवा भडकला. हिंदी साम्यवादी पक्ष त्या चळवळीपासून दूर राहिला. जपान व जर्मनी यांविरुद्धचे युद्ध हे लोकयुद्ध आहे, अशी त्याची भूमिका होती. ज्या सुभाषबाबूंनी 1937 साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मधून जपानच्या चीनवरील आक्रमणाचा निषेध केला होता आणि पुढल्याच वर्षी चीनला डॉक्टर धाडले होते, ते 1943 साली त्याच जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सेनेचे नेतृत्व करू लागले. कोटणीस मरण पावले ते ऑगस्टच्या अटकसत्रानंतर बरोबर चार महिन्यांनी. त्यांना पाठविणाऱ्यांपैकी एक पुढारी तुरुंगात होता, दुसरा बर्लिनमध्ये होता. एकाच देशभक्तीच्या झाडास फुटलेल्या या फांद्या अशा परस्परविरुद्ध दिशांस गेल्या होत्या. कोणती खरी, याचा निकाल त्या वेळी लागणे शक्य नव्हते, आणि प्रत्येक फांदीवर माणसे प्राण देत होती.

आता या चरित्राचा चित्रपट कसा झाला ते पाहू. डॉ. बसू 1943 साली परत आले. ‘बाँबे क्रॉनिकल’ चे पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्याकडून समजलेल्या हकीकतीवरून 1944 साली एक इंग्रजी पुस्तक लिहिले. ‘आणि एक जण परत आला नाही’ असा त्याच्या नावाचा अर्थ. श्री. शांताराम यांनी ‘प्रभात’ सोडून 1942 साली परळ येथे राजकमल कलामंदिर स्थापन केले होते. ज्या परळात कोटणीस वैद्यक शिकले, त्याच परळातील चित्रशाळेत त्यांची कथा पडद्यासाठी घडली, हा एक योगायोगच. पटकथा अब्बास आणि वसंत साठे यांनी केली, संगीत वसंत देसाई यांचे होते. डॉ. कोटणिसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली आणि नायिकेची जयश्री यांनी. केशवराव दाते, बाबुराव पेंढारकर यांच्यासारखी कसलेली मराठी मंडळी त्यांच्या जोडीस होती. परदेशी प्रेक्षकांकरिता या चित्रपटाची एक इंग्रजी आवृत्तीही काढण्यात आली.

युद्धकाळात चित्रपट काढणे हे नुसते कलेचे काम नव्हते. कच्ची फिल्म परदेशातून यावयाची. ती सरकारच्या परवान्यावाचून मिळत नसे, आणि एका चित्रपटास अकरा हजार फुटांची मर्यादा घालण्यात आली होती. युद्धास अनुकूल अशी चित्रे निर्मात्यांनी काढावीत, असा सरकारचा आग्रह होता. स्वाभिमानी निर्मात्यास ही मोठीच अडचण होती. साम्राज्याच्या युद्धाचे गोडवे गावे, तर प्रेक्षक तोंड फिरविणार. न गावे, तर फिल्म मिळण्याची पंचाईत. अशा वेळी कोटणिसांचे चरित्र म्हणजे सापडलेली वाटच होती. त्यात जपान्यांशी लढा होता, म्हणून सरकारास आक्षेप घेण्याचे कारण नव्हते. काँग्रेसने धाडलेला वीर होता, म्हणून राष्ट्रीय वृत्तीच्या प्रेक्षकांस अभिमान वाटावा. आणि येनानच्या सेनेची सेवा होती, म्हणून साम्यवाद्यांसही ते आपलेच वाटावे. तीन परस्परविरोधी पक्षांनी एकाच माणसास आपला म्हणावे, असा प्रसंग इतिहासात क्वचितच येतो.

मात्र तिघांनाही एकाच पडद्यासमोर बसवावयाचे, तर तिघांत जेथे भांडण आहे तेथे पडदा टाकणे प्राप्तच होते. ते काम प्रेमकथेने केले. चित्रपटात पक्षोपपक्षांचा गुंता फारसा उलगडला जात नाही. दिसतो तो एक चीन, एक शत्रू आणि एक सेवाव्रती. राजकीय मतांतराची जागा प्रेम घेते. कोटणीस त्या देशाचे झाले ते एका मतप्रणालीमुळे की एका स्त्रीमुळे, असा प्रश्न कोणी केला असता, चित्रपटाचे उत्तर दुसऱ्या बाजूस झुकते. इतिहासाचे उत्तर मात्र कालक्रमात आहे. ते चीनमध्ये राहिले ते आधी, चिंगलानची भेट झाली ती नंतर. 1939 साली सहकारी परतले तेव्हा आणि वडील वारल्याचे कळले तेव्हा, त्यांना अडवून धरणारे प्रेम अद्याप त्यांच्या आयुष्यात आलेच नव्हते. त्यांना अडविले ते जखमी सैनिकांनी आणि स्वतःच्या निश्चयाने.

येथे एका परदेशी चित्रपटाची तुलना उद्बोधक होईल. युद्ध, कारस्थाने आणि प्रेम यांची सांगड घालणारा ‘कॅसाब्लँका’ हा अमेरिकन चित्रपट 26 नोव्हेंबर 1942 रोजी न्यूयॉर्क येथे प्रथम दाखविण्यात आला. त्यानंतर तेराव्या दिवशी कोटणीस वारले. त्या चित्रपटात हम्फ्री बोगार्ट व इन्ग्रिड बर्गमन यांनी रंगविलेले प्रेमिक अखेर दुरावतात. जगाच्या संकटापुढे दोन जीवांच्या सुखाची मातबरी नाही, हे ओळखून नायक प्रेयसीस तिच्या देशभक्त पतीसह विमानाने पाठवून देतो. तेथे प्रेम आणि कर्तव्य एकमेकांच्या आड येतात आणि एकाचा त्याग करावा लागतो. कोटणिसांच्या कथेत असा पेचच नाही. तेथे प्रेम कर्तव्याच्या पोटी जन्मास येते. ज्या रुग्णालयात काम, तेथेच जोडीदार, आणि ज्या कारणाकरिता एक जण झिजतो त्याच कारणाकरिता दुसराही. पाश्चात्य चित्रपटात प्रेमाचा होम करून नायक मोठा होतो. आपल्या नायकास तसे करावे लागले नाही. त्याने होमिले ते मागे राहिलेले घर. आणि आम्हांस वाटते की, मराठी कुटुंबाच्या दृष्टीने हाच त्याग अधिक जिव्हारी लागणारा आहे. प्रेयसीस सोडणाऱ्या नायकाचे आपण कौतुक करतो. विधवा आईस आणि भावंडांस दूर ठेवून परमुलखात राहिलेल्या मुलाकडे पाहताना आपला अभिमान थोडा अडखळतो.

शांतारामांनी ही अडखळ ओळखली होती, असे चित्रपटाच्या शेवटावरून दिसते. मरणोन्मुख नायक पत्नीस आपल्या घरची वाट वर्णन करून सांगतो, आणि ती तान्ह्या मुलास घेऊन सोलापूरच्या त्या घरी पोहोचते, हे दृश्य पडद्यावर साकार होते. मुलगा परत आला नाही, तरी सून आणि नातू आले. घराचे ऋण फिटले. या प्रसंगाने किती माता डोळे पुशीत चित्रगृहाबाहेर पडल्या असतील, त्याची गणती नसावी. परंतु हा शेवट इतिहासाचा नव्हे, तो आपल्या इच्छेचा आहे. ग्वो चिंगलान ही विधवा झाल्यावर सासरी आली नाही. ती आपल्या देशात, आपल्या कामात राहिली. पुढे ती अनेकदा हिंदुस्थानात येऊन गेली, कोटणीस कुटुंबाशी तिने जन्मभर आप्तभाव राखला. पण ती आली पाहुणी म्हणून, आणि परत गेली ती स्वतःच्या घरी. चित्रपटाने तिला सून केले. इतिहासात ती सेनेच्या विद्यालयात शिकविणारी, स्वतंत्र बाण्याची स्त्री होती. आणि ती कोटणिसांहून सुमारे सत्तर वर्षे अधिक जगली.

आणखीही फेरफार आहेत. चित्रपटातील नायक साथीच्या रोगावर उपाय शोधण्याकरिता स्वतःच्या देहावर प्रयोग करतो, जपान्यांच्या हाती सापडतो. प्रत्यक्षातील कोटणीस अपस्माराने गेले, आणि त्या दुखण्यास कामाच्या अतिश्रमाची व उपासमारीच्या दिवसांची जोड होती. पडद्यावरील मरणात नाट्य आहे. खऱ्या मरणात ते नाही. एका खेड्यात, औषधांच्या तुटवड्यात, दुखणे माहीत असूनही विश्रांती न घेतलेल्या माणसाचे ते मरण होते. आमच्या मते खरे मरणच अधिक भव्य आहे. परंतु अकरा हजार फुटांत शीण कसा दाखवावा, हा प्रश्न कोणाही दिग्दर्शकास सुटलेला नाही. त्यातून चव्वेचाळीस वर्षांच्या शांतारामांनी सत्तावीस-बत्तीस वर्षांचा तरुण उभा करावयाचा, मराठी अभिनेत्रीने चिनी युवती व्हावयाचे, आणि साऱ्या चीनने हिंदुस्थानी भाषेत बोलावयाचे, एवढ्या अडचणींतून हा चित्रपट पार पडला आहे. त्याच्या उणिवांवर बोट ठेवणे सोपे आहे. दुरून, युद्धाच्या धुरातून, एका अनोळखी राष्ट्रातील माणसांस आपल्यासारखी हाडामांसाची माणसे म्हणून दाखविण्याचा त्याने केलेला प्रयत्न मात्र त्या काळी नवाच होता.

या चित्रपटाची खरी कसोटी लागली ती प्रेक्षकांपुढे. 1945 च्या ऑगस्टात युद्ध संपले. नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरबक्षसिंग धिल्लन यांवर खटला उभा राहिला आणि सारा देश त्यांच्या पाठीशी उभा राहिला. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईच्या बंदरात खलाशांनी बंड केले, गिरणगावात गोळीबार झाला. अशा वर्षी हा चित्रपट आला. जे लोक सकाळी जपानच्या मदतीने लढलेल्या सैनिकांचा जयजयकार करीत, तेच रात्री चित्रगृहात जपानशी झुंजताना देह ठेवणाऱ्या डॉक्टरासाठी अश्रू ढाळीत. तार्किकदृष्ट्या पाहता ही दोन निष्ठांची टक्कर आहे. प्रेक्षकांस तशी ती वाटली असती, तर चित्रपट उभा राहिलाच नसता. ती टक्कर त्यांस जाणवली नाही, याचे श्रेय प्रेमकथेस द्यावे लागेल. पण एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. प्रेक्षकांनी दोघांतही एकच गोष्ट पाहिली असावी. दुसऱ्याच्या छत्राखाली वाढलेला हिंदी तरुण परमुलखात जाऊन, कोणी न सांगता, स्वतःच्या हिमतीवर काही करून दाखवितो, ही ती गोष्ट. दीडशे वर्षांच्या परवशतेने ज्या समाजास आपल्या कर्तृत्वाविषयी साशंक करून सोडले होते, त्यास शत्रू कोण यापेक्षा आपण कोण हे अधिक महत्त्वाचे वाटले, तर नवल नाही.

पुढचा इतिहास चित्रपटाच्या कल्पनेपलीकडचा आहे. 1946 च्या मध्यास चीनमधील यादवी पुन्हा पेटली आणि 1 ऑक्टोबर 1949 रोजी पेकिंगमध्ये साम्यवादी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. ज्या सेनेत कोटणीस होते ती आता राज्यकर्त्यांची सेना झाली, आणि त्यांची स्मृती राजमान्य झाली. 1953 साली त्यांच्या अस्थी शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आल्या. तेथे बेथ्यून यांचीही समाधी आहे. नंतर 1962 चे युद्ध आले, आणि ज्या दोन देशांची नावे एका बालकाच्या नावात गुंफली होती, ते हिमालयात एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. ते बालक तेव्हा वीस वर्षांचे झाले होते. यिनहुआनेही पित्याप्रमाणे वैद्यकाची वाट धरली होती. परंतु 1967 साली, शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास, तो ऐन तारुण्यात मरण पावला. ग्वो चिंगलान यांनी पतीच्या आणि पुत्राच्या मागे दीर्घ आयुष्य कंठून 2012 साली जगाचा निरोप घेतला.

नवलाची गोष्ट अशी की, 1962 नंतरही कोटणिसांचे नाव दोन्ही देशांत पुसले गेले नाही. चीनने 1982 साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. हिंदुस्थानने 1993 साली काढले. चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताव 2006 साली मुंबईस आले असता कोटणीस यांच्या भगिनींस भेटले. सोलापुरात त्यांचे स्मारक उभे आहे. राजकारणी लोकांस अशा स्मृती सोयीच्या असतात, हे आम्ही जाणतो. सलोख्याच्या काळात त्या उजळून बाहेर काढता येतात, आणि वैराच्या काळात कपाटात ठेवता येतात. पण एखादी स्मृती सोयीची असते म्हणून ती खोटी ठरत नाही. राजकारण ज्यास वारंवार हात लावते, त्यात काहीतरी सच्चे असलेच पाहिजे. पोकळ वस्तूस इतका काळ कोणी जपत नाही.

तेव्हा या चित्रपटाचे मोल कसे ठरवावे? तो इतिहास म्हणून वाचला तर त्यात चुका आहेत, आणि काही मौने तर चुकांहून मोठी आहेत. कोटणीस साम्यवादी झाले, हे त्यांच्या आयुष्यातील एक विचारपूर्वक घेतलेले पाऊल होते. ते कोणास रुचो वा न रुचो, त्यावर प्रेमाचा शेला पांघरणे हे त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणे होय. चिंगलान ही नायिका झाली, पण तिचे शिक्षक म्हणून काम, तिचे स्वतंत्र आयुष्य आणि तिचे पुढले दुःख हे सारे पडद्याच्या बाहेर राहिले. चोळकर, अटल, मुखर्जी, बसू हे परत आले, म्हणून विस्मृतीत गेले. जणू परत येणे हा दोषच होता. हा हिशेब चित्रपटाच्या नावे मांडलाच पाहिजे.

परंतु दुसऱ्या बाजूस एक नोंद अशी आहे की, तिच्यापुढे आमची लेखणी थोडी मंदावते. 1946 साली हा चित्रपट निघाला नसता, तर सोलापूरच्या या डॉक्टराचे नाव आज किती मराठी घरांत ठाऊक असते? चीनकडे गेलेल्या पथकाची नोंद काँग्रेसच्या कागदांत राहिली असती, अब्बासांचे इंग्रजी पुस्तक मोजक्या लोकांनी वाचले असते, आणि चोळकरांप्रमाणे कोटणीसही आपल्या गावापुरते उरले असते. प्रेमकथेने सत्याचा काही भाग झाकला, पण झाकता झाकता तिने ते सांभाळूनही आणले. पुढच्या पिढीने झाकण उघडून आतले पाहावे, एवढी सोय तिने करून ठेवली. आमच्या शहाण्यासुरत्या घरांत हा चित्रपट पुन्हा पाहिला जावा, आणि तो संपल्यावर मुलांनी आईबापांस विचारावे की, वडील वारल्याची वार्ता कळूनही तो परत का आला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. ते देण्याची जबाबदारी त्या त्या घराने आपल्या विवेकाप्रमाणे उचलावयाची आहे; आणि आमची खात्री आहे की, प्रत्येक घरी ते सारखे येणार नाही.